सिनियर सॉफ्टबॉलची टीम लिस्ट: कोण चालतं, कोण नाही आणि भांडणं कुठे होतात

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. घणसोलीच्या एका नवीन टीमच्या मॅनेजरने विचारलंय की सर आम्ही पहिल्यांदाच सिनियर पुरुष ओपन स्पर्धेत एन्ट्री टाकतोय, आयोजकांनी १६ जणांची लिस्ट मागितलीय, आमच्याकडे पक्के ११ आहेत, त्यातले दोघं खारघरला राहतात, एक जण नोकरीसाठी पुण्याला गेलाय, एक १७ वर्षांचा आहे आणि एक ४६ वर्षांचे काका आहेत. ह्यातले कोण कोण चालतील, उरलेली नावं नंतर टाकता येतात का आणि समोरच्या टीमने प्रोटेस्ट, म्हणजे अधिकृत हरकत, टाकला तर काय होतं.

अरे, प्रश्न एक नाहीये हा, चार आहेत. मी आधी कॅचर होतो, म्हणजे बॅटरच्या मागे बसून बॉल पकडणारा, गुडघे गेल्यावर मॅनेजर झालो आणि आता बहुतेक वेळा स्कोअरच्या टेबलावर बसलेला असतो, त्यामुळे ही भांडणं तिन्ही बाजूंनी बघितलीयेत, त्यातल्या एका भांडणात तर चूक माझीच होती, ते पुढे सांगतोच.

पहिले "सिनियर" ह्या शब्दाचा घोळ मिटव. आपल्याकडे सिनियर म्हणजे ओपन. सब-ज्युनियर, ज्युनियर झालं की त्याच्या वरचा गट तो सिनियर, वरच्या वयाची मर्यादा काही नसते. त्यामुळे तुझे ४६ वर्षांचे काका आरामात चालतात, त्यांच्यासाठी वेगळा काही कागद लागत नाही, फक्त त्यांना राईट फिल्डला उन्हात उभं करून विसरू नकोस. पण मोबाईलवर सिनियर सॉफ्टबॉल शोधलं की जे नियम समोर येतात ते अमेरिकेतल्या पन्नाशीच्या पुढच्या लोकांच्या स्लो पिचचे, म्हणजे बॉल हळू आणि उंच टाकायच्या प्रकाराचे, असतात. तिकडे सिनियर म्हणजे खरोखर वय झालेले, त्यांचे पन्नास प्लस, पंचावन्न प्लस, साठ प्लस असे पाच-पाच वर्षांचे गट असतात आणि वय ३१ डिसेंबरला किती होतं ते धरतात, म्हणजे ज्याला नोव्हेंबरमध्ये पन्नास पूर्ण होणार तो जानेवारीपासूनच पन्नासच्या गटात खेळू शकतो. त्यांच्याकडे दमलेल्या माणसासाठी कर्टसी रनर, म्हणजे त्याच्या जागी पळणारा, असतो, धडक होऊ नये म्हणून रनरसाठी वेगळी होम प्लेट असते, बहुतेक इनिंगला पाच रनची मर्यादा असते. मस्त खेळ आहे तो पण आपल्या स्पर्धेशी त्याचा काडीचा संबंध नाही. एका वर्षी आमच्याकडे एक मॅनेजर तेच नियम प्रिंट मारून घेऊन आला होता आणि पाच रन झाले की इनिंग संपली ना म्हणून अंपायरच्या मागे लागला होता, बिचारा.

आता खरा मुद्दा. "लिस्ट" हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींना वापरतो आणि माझ्या मते निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात. एक असते नोंदणी, म्हणजे तू कुठल्या जिल्ह्याचा, कुठल्या क्लबचा खेळाडू आहेस ते, वर्षभरासाठी. दुसरी त्या स्पर्धेपुरती टीम लिस्ट, तुझी ती १६ नावं. तिसरी दर मॅचआधी अंपायरला दिली जाणारी लाइनअप शीट, ज्यात सुरुवातीचे नऊ किंवा दहा जण, त्यांच्या पोझिशन, जर्सी नंबर आणि खाली सब, म्हणजे बदली खेळाडू. पहिल्या दोन याद्यांमध्ये जो बसत नाही तो अपात्र. तिसऱ्या यादीत ज्याला त्या क्षणी उभं राहायचा हक्क नाही तो इल्लीगल प्लेयर. हे दोन वेगळे गुन्हे आहेत, वेगळे लोक त्यांचा निकाल लावतात आणि वेगळ्या वेळी लावतात. हे एवढं डोक्यात ठेवलंस तर पुढचं सगळं सोपं आहे.

खारघरच्या दोघांचं बघू. नवी मुंबई हे शहर म्हणून एक वाटतं पण ते दोन जिल्ह्यांत पसरलंय. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर हा सगळा पट्टा नवी मुंबई मनपाचा आणि ठाणे जिल्ह्यातला. बेलापूरवरून पुढे खारघर स्टेशन आलं की तू रायगड जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल हे २०१६ पासून पनवेल मनपात आहेत आणि जिल्हा रायगड. उलवे पण रायगड. लोकल तीच, सिडको तीच, पत्त्यात सगळे नवी मुंबई लिहितात, पण जिल्हा निवड चाचणीला ठाण्याच्या रांगेत उभा राहिलास तर परत पाठवतील, आणि ते बरोबरच आहे. त्यात शाळेच्या स्पर्धांनी अजून गोंधळ घातलाय कारण शालेय क्रीडा स्पर्धांना नवी मुंबई मनपा हा स्वतंत्र जिल्ह्यासारखा धरतात, मग शाळेत "नवी मुंबई जिल्ह्या"कडून खेळलेला पोरगा सिनियरला येतो आणि विचारतो सर माझा जिल्हा कुठे गेला. संघटनांच्या सिनियर स्पर्धांना साधारण महसुली जिल्हा बघतात.

पिनकोडवरून ओळखायची एक युक्ती आमचे जुने लोक वापरायचे. खारघर ४१०२१०, कामोठे ४१०२०९, म्हणजे ४१० ने सुरू झालं की रायगड आणि ४०० असेल तर आपलं. नव्वद टक्के वेळा जमतं ते. पण उरणचा पिन ४००७०२ आहे आणि उरण रायगडमध्ये, तिथे फसलात. उलट मीरा रोडचा ४०१ ने सुरू होतो पण ते ठाणे जिल्ह्यात आणि त्याच ४०१ वाले वसई-विरार मात्र पालघरमध्ये. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा वसई-विरारकडची पोरं आमच्या चाचणीतून एका झटक्यात गेली, त्यातले दोघं तर आदल्या वर्षी आमचेच ओपनर होते, घर बदललं नाही, ग्राउंड बदललं नाही, जिल्हा बदलला. तेव्हा पिनकोडवर जाऊ नकोस, तालुका विचार. तालुका पनवेल किंवा उरण असेल तर रायगड, विषय संपला.

पण थांब, घाबरून त्या दोघांना काढू नकोस. कारण हे जिल्ह्याचं बंधन कुठे लागतं आणि कुठे नाही हे स्पर्धेवर आहे. संघटनेची राज्य अजिंक्यपद टाईप स्पर्धा असेल तर तिथे टीम जिल्ह्याची असते, तुझ्या क्लबची नाही, तिथे तुझी लिस्ट कोणी विचारणारच नाही, खेळाडू चाचणी देतात आणि निवड समिती टीम काढते. तू ज्या स्पर्धेत एन्ट्री टाकतोयस ती क्लबची निमंत्रित ओपन दिसतेय, तिथे जिल्ह्याची अट आयोजकाने घातली तर आहे आणि नाही घातली तर नाही. काही जण लिहितात "फक्त ठाणे जिल्ह्यातील रहिवासी", काही जण "बाहेरचे जास्तीत जास्त तीन", काही जण काहीच लिहीत नाहीत. परिपत्रक म्हणजे ते व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं रंगीत पोस्टर नव्हे हं, पोस्टरवर फक्त ट्रॉफीचा फोटो आणि बक्षिसाचा आकडा असतो. आयोजकाकडून नियमांचं पान मागून घे, लेखी, आणि त्यात जे स्पष्ट नाही ते आत्ताच मेसेज करून विचार, म्हणजे उत्तर तुझ्याकडे लेखी राहील. "हो हो चालतं, आणा" असं फोनवर सांगणारा माणूस सेमीफायनलला ओळख दाखवत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे कंपनी स्पर्धा, महापे-रबाळेच्या एमआयडीसी पट्ट्यातल्या टीम्स उतरतात तशी. तिथे वय नाही, जिल्हा नाही, तिथे विचारतात तू पेरोलवर आहेस का. आणि सगळ्यात जास्त मनस्ताप तिथेच होतो, कारण कॉन्ट्रॅक्टरकडून आलेली पोरं त्याच गेटमधून आत जातात, त्याच कॅन्टीनला जेवतात, आयकार्ड पण लटकवलेलं असतं, पण पगार दुसऱ्याच्या नावाने होतो. चांगले खेळणारे पण बऱ्याचदा तेच असतात. नियमात "कर्मचारी" एवढंच लिहिलं असेल तर आयोजकाला विचार की कंत्राटी चालतात का, आणि किती महिने नोकरी झालेली हवी. स्पर्धेच्या आठवडाभर आधी कामावर लागलेला पिचर (बॉल टाकणारा) सगळ्यांनाच दिसतो, कोणी आंधळं नसतं.

पुण्याला गेलेल्याचं काय. ओपन स्पर्धेत अट नसेल तर तो येऊन खेळू शकतो, शुक्रवारी रात्री निघाला की शनिवारी सकाळी इथे. पण दोन गोष्टी तपास. तो तिकडे कुठल्या क्लबला किंवा जिल्ह्याला नोंदवला गेलाय का, गेला असेल तर त्यांची एनओसी आण, साधं लेटरहेडवरचं पत्र पुरतं. आणि तो ह्याच स्पर्धेत दुसऱ्या कुठल्या टीमच्या लिस्टवर नाही ना. एका स्पर्धेत एक खेळाडू एकाच टीमच्या लिस्टवर, हा नियम जवळपास सगळीकडे असतो आणि तो मोडल्यावर पोरगा खेळला नसला तरी नुसतं नाव दोन्हीकडे दिसलं म्हणून दोन्ही टीम्स अडकतात. पोरं भोळेपणाने दोन मित्रांना हो म्हणतात. प्रत्येकाला स्वतः विचार, "तुझं नाव अजून कोणी टाकलंय का", आणि मगच लिही.

आता १७ वर्षांचा पोरगा. सर्वसाधारण पद्धत अशी की लहान वयाचा वरच्या गटात खेळू शकतो, मोठा खालच्या गटात नाही. त्यामुळे परिपत्रकात किमान वय दिलेलं नसेल तर तो सिनियरला चालतो. पण आई-वडिलांचं संमतीपत्र घे, आयोजकाने मागितलं नाही तरी घे. सिनियर पुरुषांना पिचिंगचं अंतर ४६ फूट असतं, म्हणजे १४.०२ मीटर, महिलांना ४३. आता समोरचा पिचर ताशी १०० किमीने टाकत असेल तर बॉल बॅटपर्यंत यायला अर्धा सेकंद लागतो, आणि पिचर पुढे झेपावून सोडतो म्हणजे त्याहून कमीच. शाळेत दादा असलेला पोरगा पहिल्यांदा तिथे उभा राहतो तेव्हा बॉल दिसतच नाही त्याला. हेल्मेट सगळ्यांनाच घालायचंय, त्याला फेसगार्डवालं दे. आणि त्याच्या शाळा-कॉलेजच्या स्पर्धेच्या तारखा बघ, बारावीच्या पोराला ग्रेस मार्कांसाठी शालेय स्पर्धा जास्त महत्त्वाची आहे, आपल्या ट्रॉफीपेक्षा.

कागदपत्रं. सगळे आधार मागतात कारण ते सगळ्यांकडे असतं, पण आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा पक्का पुरावा नव्हे, २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही एका भरपाईच्या केसमध्ये हेच म्हटलं आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख मान्य केली. सिनियरला वरचं वय नसल्यामुळे तुला तारखेची फार चिंता नाही, पण त्या १७ वर्षांच्या पोराचा जन्मदाखला किंवा बोनाफाईड ठेव. पत्त्याचं उलट आहे, आधारवरचा पत्ता ऑनलाइन बदलता येतो म्हणून काही आयोजक "स्पर्धेच्या सहा महिने आधीपासूनचा पत्ता" अशी अट टाकतात, मग वीजबिल, भाडेकरार शोधत बसावं लागतं. नवी मुंबईत निम्मी पोरं भाड्याच्या घरात आणि ११ महिन्यांचा करार वडिलांच्या नावावर, तेव्हा आधीच विचारून ठेव.

लोक कागदावर एवढे का अडतात असं वाटेल. एक कारण म्हणजे सर्टिफिकेट. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धांची प्रमाणपत्रं क्रीडा खात्याकडून तपासून घ्यावी लागतात. मधल्या काळात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं पेपरात किती गाजली ते आठवत असेल. तेव्हापासून संघटनेच्या स्पर्धांमध्ये लिस्टवरचं एक स्पेलिंग चुकलं तरी पुढे चार वर्षांनी तो पोरगा फाईल घेऊन दारात उभा राहतो. तुझी निमंत्रित स्पर्धा बहुधा त्या कामाची नाही, पोरांना तसं आधीच स्पष्ट सांग, पण सवय आत्तापासून लाव, दहावीच्या मार्कशीटवर जसं नाव आहे तसंच लिस्टवर. "बंटी" नको.

"हौशी" ह्या शब्दावरून पण एकाने मागे विचारलं होतं, की बक्षिसाची रक्कम वाटून घेतली तर खेळाडू हौशी राहतो का. राहतो रे. ऑलिम्पिकवाल्यांनी तो जुना कडक नियम १९८० च्या दशकातच सोडला. स्पोर्ट्स कोट्यात नोकरी लागलेला माणूस पण आपल्याकडे हौशीच धरतात. फक्त मॅचमागे पैसे देऊन बाहेरचा पिचर आणायचा असेल तर तो आधी लिस्टवर हवा, एवढंच.

उरलेली नावं नंतर टाकता येतील का, तर लिस्ट लॉक होईपर्यंत हो, त्यानंतर नाही. लॉक कधी होते हे परिपत्रकात असतं, बहुतेक वेळा मॅनेजर मीटिंग संपली की. काही आयोजक लीग राउंड संपेपर्यंत जखमी खेळाडूच्या बदली एखादं नाव घेतात, पण डॉक्टरची चिठ्ठी आणि समोरच्या मॅनेजर्सची हरकत नसणं, दोन्ही लागतं. नॉकआउट सुरू झाल्यावर मागूच नये. आणि मीटिंगला स्वतः जा. मॅनेजर मीटिंगला ज्या टीमचा माणूस नसतो त्याच टीमला नंतर सगळे नियम नवीन वाटतात.

आता १६ जागा आणि तुझे ११. पाच जागा रिकाम्या सोडू नकोस, अजिबात. खेळायला नऊ लागतात आणि डीपी-फ्लेक्स (एकाने फक्त फिल्डिंग, त्याच्या बदल्यात दुसऱ्याने बॅटिंग, पुढे सांगतो) वापरलं तर दहा, हे खरं. पण आंतरराष्ट्रीय नियमाने चालणाऱ्या मॅचमध्ये आठवर खेळता येत नाही, मॅच चालू असताना आठ झालात तरी मॅच समोरच्याला, ७-० ने. अमेरिकेत काही स्पर्धांना कमी खेळाडूंवर चालवून घेतात, ती सवलत इथे गृहीत धरू नकोस. टोकियो ऑलिम्पिकला प्रत्येक देशाच्या सॉफ्टबॉल टीममध्ये १५ जणी होत्या, म्हणजे जगातल्या सगळ्यात फिट खेळाडूंनाही पंधरा लागल्या आणि आपण मे महिन्यात बेलापूरच्या उन्हात ११ जणांवर दिवसाला दोन मॅच काढणार.

इथे माझी गोष्ट. बरीच वर्षं झाली, ठाण्यात सेमीफायनल, आम्ही ११ जण घेऊन गेलो होतो. सॉफ्टबॉलमध्ये री-एन्ट्री, म्हणजे बाहेर गेलेल्याने परत येणं, असते हे तुला माहितीये, पण ती फक्त सुरुवातीच्या लाइनअपमधल्यांना. स्टार्टर बाहेर गेला तर एकदा परत येऊ शकतो, आणि बॅटिंग ऑर्डरमधल्या स्वतःच्याच जागी. सब म्हणून आलेला मात्र एकदा बाहेर गेला की त्याचा दिवस संपला. तिसऱ्या इनिंगला आमचा कॅचर बेसवर पोचला, भयंकर स्लो, म्हणून मी सबला रनर टाकला. पुढे फिल्डिंगला कॅचर परत आला, बरोबर, ती त्याची री-एन्ट्री. पाचव्यात राईट फिल्डरचा पाय मुरगळला, त्याला त्याचा भाऊ बाईकवर दवाखान्यात घेऊन गेला, त्याच्या जागी दुसरा सब. सहाव्या इनिंगला आम्ही ४-३ ने पुढे, एक आऊट, कॅचर पुन्हा बेसवर, आणि मी जोशात पहिल्याच सबला पुन्हा रनर म्हणून पाठवला. समोरच्यांचा स्कोअरर कोणी शाळेतले मास्तर होते, शांत माणूस, त्यांनी पुढचा बॉल पडल्यावर हात वर केला. माझा तो सब इल्लीगल, डिसक्वालिफाय. कॅचर दुसऱ्यांदा बाहेर गेलेला, त्याला परत येता येत नाही. राईट फिल्डर दवाखान्यात. बेंचवर फक्त पाण्याचे जार. मैदानात राहिले आठ. मॅच गेली, ४-३ वरून ७-०.

दोन आऊट असते तर कॅचरसाठी टेम्पररी रनर मिळाला असता, जो बेसवर नाही आणि ज्याची बॅटिंग त्या क्षणापासून सगळ्यात शेवटी येणार तो, त्याला चेंज म्हणत पण नाहीत. पण आऊट एकच होता. आणि लिस्टवर अजून दोन नावं असती, अगदी कॉलेजमधली नवशिकी पोरं जरी बसवली असती तरी मॅच पुढे गेली असती. कॅचर अजूनही लग्नकार्यात भेटला की आधी हेच काढतो.

म्हणून १६ भर. तुझ्याकडे आहेत त्यात पिचर किती ते तू सांगितलं नाहीस, पण तीन तरी हवेत, त्यातला एक नुसता स्ट्राइक टाकणारा असला तरी चालेल. कॅचर दोन, कारण एका कॅचरवर दिवसाला दोन मॅच म्हणजे माझ्यासारखे गुडघे. शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर, खेळू शकणारे दोन. एक निव्वळ पळणारा. बाकी जागा अशा लोकांनी भर जे रविवारी सकाळी सातला खरोखर येतात, चांगला खेळणारा पण न येणारा हा लिस्टवरचा सगळ्यात महाग माणूस.

डीपी-फ्लेक्स पण समजून घे कारण नवीन टीम्स एकतर वापरत नाहीत किंवा चुकीचं वापरतात. समजा तुझा पिचर बॅटिंगला शून्य आहे. त्याला फ्लेक्स करायचं, लाइनअप शीटवर दहाव्या ओळीत लिहायचं, तो फक्त फिल्डिंग करणार. त्याच्या बदल्यात पहिल्या नऊ जागांपैकी कुठेतरी डीपी बॅटिंग करणार, तुझे ४६ वर्षांचे काका समज, लांब मारत असतील तर. हे मॅच सुरू व्हायच्या आधी शीटवर हवं, नंतर आठवलं म्हणून जोडता येत नाही. फ्लेक्स फक्त पिचरच असला पाहिजे असं नाही, कोणीही फिल्डर चालतो. डीपी दुसऱ्या कोणाच्या जागी फिल्डिंगला पण उभा राहू शकतो, पण तो फ्लेक्सच्याच जागी उभा राहिला तर फ्लेक्स मॅचबाहेर गेला असं धरतात आणि तुम्ही नऊवर आलात. फ्लेक्सला बॅटिंग द्यायची तर ती डीपीच्याच जागी, बाकी कोणाच्या नाही. फिल्डिंगला दोघं एकत्र असू शकतात, बॅटिंग ऑर्डरमध्ये कधीच नाही. दोघंही स्टार्टर, त्यामुळे दोघांनाही एक-एक री-एन्ट्री. बेसबॉल बघणारी पोरं ह्याला तिकडचा डीएच, म्हणजे पिचरच्या जागी फक्त बॅटिंग करणारा, समजून येतात आणि चुकतात.

आता प्रोटेस्ट. अंपायरच्या नजरेचे निर्णय, सेफ-आऊट, बॉल-स्ट्राइक, ह्यावर प्रोटेस्ट होतच नाही, फी भरलीस तरी नाही. नियम चुकीचा लावला असं वाटलं तर पुढचा बॉल पडायच्या आत सांगावं लागतं की आम्ही प्रोटेस्टखाली खेळतोय. इल्लीगल प्लेयर, म्हणजे माझ्यासारखी चूक, तो मैदानात असेपर्यंत दाखवायची, आणि ते तिथल्या तिथे अंपायर निपटवतो. सब आल्याचं अंपायरला सांगायचं राहून गेलं असेल आणि समोरच्यांनी बोट ठेवायच्या आत आठवलं, तर लगेच जाऊन सांग, तेवढ्यावर सुटतोस. अपात्र खेळाडूचा प्रोटेस्ट मात्र कधीही होऊ शकतो, मॅच संपल्यावर सुद्धा, आणि तो अंपायरकडे नसतो, स्पर्धा समितीकडे असतो. म्हणून मैदानात अंपायरशी "हा पोरगा रायगडचा आहे" म्हणून वाद घालणं म्हणजे दोघांचाही वेळ घालवणं, त्याच्या हातात ते नाहीच. लेखी दे, फी भर, पावती घे, कागद जोड. नुसता इन्स्टाचा फोटो पुरावा म्हणून कोणी धरत नाही.

आणि उलट बाजूने पण हेच. एका टीमने धाकट्या भावाला मोठ्याच्या नावावर खेळवलं होतं, चेहरे सारखे, आधार मोठ्याचं. फायनल जिंकले, मिरवणूक निघाली, आणि दुसऱ्या दिवशी मोठा भाऊ त्याच तारखेला गावच्या यात्रेत नाचतानाचा व्हिडिओ त्यांच्याच काकांनी टाकला. पत्त्याची शंका असेल तर समिती ऐकून घेते, दुसऱ्याच्या नावावर खेळवलं की ऐकत नाहीत. ट्रॉफी परत, टीम दोन वर्षं बाहेर. धाकटा खरं तर चांगला खेळायचा, त्याचं स्वतःचं नाव लिस्टवर टाकायला जागा पण होती.

मिक्स टीमचं तू विचारलं नाहीस पण घणसोलीच्या ग्रुपमध्ये मुली पण खेळतात म्हणून सांगतो, पुरुषांच्या लिस्टवर त्यांची नावं टाकता येत नाहीत आणि महिलांच्या लिस्टवर पुरुषांची नाही. को-एड (पुरुष-महिला एकत्र) स्लो पिच हा वेगळा प्रकार आहे, पाच पुरुष पाच महिला, बॅटिंग आलटून पालटून, तशी स्पर्धा असेल तेव्हा वेगळी एन्ट्री टाक.

तर आत्ता तुझं काम असं. खारघरच्या दोघांबद्दल आणि पुणेकराबद्दल आयोजकाला आज रात्री मेसेज टाक, नावं, तालुका, एनओसी आहे की नाही, सगळं खरं लिहून, आणि "चालेल का" एवढंच विचार. उत्तर आलं की स्क्रीनशॉट काढून ठेव. तोपर्यंत पाच नावं शोध. आणि दोघांना एकच जर्सी नंबर देऊ नकोस, हसू नको, तुझ्या पाठवलेल्या लिस्टच्या फोटोत ७ नंबर तीन जणांना आहे.